बालकांचा विषाणुजन्य अतिसार : स्तंभनाआधी जलपूर्ती

थंडीच्या दिवसांत वांती, ज्वर आणि पाण्यासारखे द्रवमल ही लक्षणे असलेली लहान बालके आपल्या चिकित्सालयांत वारंवार येतात. सहा महिने ते दोन वर्षे या वयात या व्याधीचे एक प्रमुख कारण म्हणजे रोटाव्हायरस हा विषाणू होय. ‘जुलाब आधी थांबवा’ असा पालकांचा आग्रह असतो आणि तेथेच वैद्याची कसोटी लागते.

१९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिसारग्रस्त बालकांच्या ग्रहणीतील पेशींत हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिला. चाकासारख्या आकारावरून त्यास ‘रोटा’ हे नाव मिळाले. मलावाटे बाहेर पडलेला विषाणू हात, खेळणी व दूषित पाणी यांद्वारे मुखात जातो आणि लघ्वंत्रातील रसांकुरांच्या टोकांवरील पेशींचा नाश करतो. त्यामुळे जल व दुग्धशर्करा यांचे शोषण घटते. तथापि ग्लुकोजसह सोडियम शोषून घेण्याची क्षमता बऱ्याच अंशी शिल्लक राहते. जलसंजीवनीचे यश याच क्षमतेवर आधारलेले आहे.

आमावस्थेत प्रारंभीच संग्राही औषध देऊ नये, अन्यथा रुद्ध दोष आध्मान, शोथ, पांडू आदी विकार उत्पन्न करतात, असा इशारा चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या १९ व्या अध्यायात दिला आहे. या व्याधीत तो अक्षरशः लागू पडतो. कर्पूररसासारख्या अहिफेनयुक्त कल्पांनी जुलाब थांबल्यासारखे दिसतात. परंतु द्रव आतड्यातच साचतो आणि अहिफेनाने तान्ह्या बालकाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून असे कल्प बालकांस मुळीच देऊ नयेत. प्रतिजैविकांचाही विषाणूवर परिणाम होत नाही.

चिकित्सेचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिलिलिटर जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावी. स्तनपान चालू ठेवावे. वरचा आहार घेणाऱ्या बालकास पेया, मऊ भात यांसारखे लघु अन्न द्यावे. जस्ताची गोळी २ ते ६ महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम व त्यापुढे २० मिलिग्रॅम या मात्रेत प्रतिदिन, १४ दिवस द्यावी. दीपन-पाचन औषधांची योजना करावयाची झाल्यास ती जलपूर्तीच्या जोडीने करावी, तिच्याऐवजी नव्हे.

डोळे व टाळू खोल जाणे, चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होणे, मूत्र न होणे, गुंगी येणे, पिता न येणे, मलात रक्त दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे पोहोचेपर्यंत, शुद्धीवर असून गिळता येत असल्यास, जलसंजीवनी पाजत राहावे.

प्रतिबंधासाठी हात धुण्याइतकेच लसीचेही महत्त्व आहे. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली व २०१९ मध्ये महाराष्ट्रातही सुरू झाली. ती ६, १० व १४ आठवड्यांच्या वयात तोंडावाटे दिली जाते. ती घेतली आहे काय, हा प्रश्न आपल्या रुग्णपत्रिकेत अवश्य असावा.

अतिसारात बालकाचा प्राण जातो तो बहुधा जलक्षयाने. म्हणून जुलाब किती झाले याबरोबरच पोटात किती पाणी गेले, याचीही नोंद आपण ठेवली पाहिजे, असे आम्हांस वाटते.