एका फुटाचं तळं

मामी देवगडहून डोंबिवलीला आली, की पिशवीतली सोड्यांची पुडी आधी माझ्या हातात देते आणि मग चपला काढते. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये मात्र पुडी हातातच राहिली. खिडकीपासून लांब, आईच्या जुन्या शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर फळी टाकून मी एक काचेची पेटी ठेवली होती. आत काळी रेती, एक लाकडाचा बुंधा, त्यावर हिरवं मॉस आणि मॉसवर नखाएवढ्या दहा लालबुंद कोळंब्या. मामीने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि विचारलं, “अगो, एवढ्याशा सुंगटांची कढी होतली तरी काय?”

कढी होणार नव्हती. या चेरी कोळंब्या, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळच्या चीन-तैवानकडच्या ओढ्यांतल्या. निसर्गात त्या मातकट, जवळजवळ पारदर्शक असतात. त्यातल्या लालसर छटेच्या निवडून, पिढ्यान् पिढ्या वाढवून तैवानमध्ये हा लाल रंग पक्का केला. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम तीन सेंटिमीटर भरते, नर त्याहून बारीक आणि फिकट. आयुष्य दीड वर्षाच्या आसपास. पिवळ्या, निळ्या, चॉकलेटी रंगाच्याही मिळतात आणि दुकानदार सगळ्या एकत्र घ्यायचा आग्रह करतो. घेऊ नयेत. जात एकच असल्यामुळे त्यांचा संकर होतो आणि दोन-चार पिढ्यांत पुन्हा मातकट पिल्लं निघायला लागतात.

माझं काम पॅथॉलॉजी लॅबमधलं. सव्वीस वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. दिवसभर सुया आणि नळ्या पाहिल्यावर संध्याकाळी कुणाचंही काही मोजायचं नाही, असं ठरवून मी हा नाद लावून घेतला. प्रत्यक्षात पहिले दीड महिने मी फक्त मोजतच होते.

लहान टाकी म्हणजे सोपं काम, हा पहिला गैरसमज. दोनशे लिटर पाण्यात एक मासा मेला तर पाण्याला फारसं कळत नाही. अठरा लिटरांत खाण्याचा एक दाणा जास्त पडला तरी दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतो. माझी टाकी 30 सेंटिमीटर लांब, 25 रुंद आणि 25 उंच. हिशेबाने पावणेएकोणीस लिटर, रेती-लाकूड घातल्यावर पाणी जेमतेम पंधरा. काचवाल्याकडून बनवून घेतली. त्याला बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नको म्हणून बजावलं, कारण त्यातलं औषध पाण्यात उतरतं. साध्या सिलिकॉनला सुकेपर्यंत व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत टाकी आठवडाभर गॅलरीत उघडी ठेवली. पाण्या-रेतीसकट वजन पंचवीस किलोच्या घरात जातं, तेव्हा खाली पक्कं काहीतरी हवं आणि काचेखाली थर्मोकोलचा पत्रा. खिडकीत ठेवू नये. उन्हाने पाणी तापतं आणि काचेवर शेवाळाची शाल पसरते.

रेती घेताना चिमूटभर रेतीवर लिंबू पिळून पाहिलं. फेस आला तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे आणि तो पाण्याचा क्षार वाढवत राहणार. झाडंही आळशी माणसाची निवडली: जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास. यांना खत नको, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको, सहा-सात तास साधा एलईडी पुरतो. अनुबियास आणि फर्नचं आडवं खोड मात्र रेतीत पुरायचं नाही, कुजतं. दोऱ्याने लाकडाला बांधायचं.

झाडं म्हणजे सजावट, असं मला आधी वाटायचं. ते डोक्यातून काढलं ते ताकाशी अमानो यांची छायाचित्रं पाहून. जपानमधल्या निइगाताचा हा माणूस, 1954 साली जन्मलेला, आधी सायकलच्या शर्यती खेळायचा, मग छायाचित्रकार झाला आणि मग टाकीत पाण्याखालची कुरणं, जंगलं उभी करायला लागला. त्याच्या टाक्यांत शेवाळ साफ करायचं काम कोळंब्या करत. आजही त्या जातीला जगभर अमानो कोळंबी म्हणतात. 2015 साली तो गेला. त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्याने रचलेली 40 मीटर लांबीची, 1 लाख 60 हजार लिटरची टाकी लोकांसाठी खुली झाली. माझं तळं त्याच्या टाकीच्या शिंतोड्याएवढं. काम मात्र तेच. झाडं पाण्यातली घाण खातात, मॉसच्या गुंत्यात बारीक जीवांचा थर धरतो आणि कोळंब्या दिवसभर तो थर चरत बसतात.

आता मोजण्याचं. टाकीत पाणी भरलं की सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कोळंब्या सोडायची घाई होते. काचेसारखं स्वच्छ दिसणारं ते पाणी खरं तर सगळ्यात घातकी असतं. प्राण्यांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, आणि झाडं ते खातात. हे जिवाणू विकत आणून ओतले म्हणून लगेच नांदायला लागत नाहीत. रेतीवर, झाडांवर, फिल्टरच्या स्पंजात त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात.

मी रिकाम्या टाकीत दर दोन दिवसांनी चिमटीभर माशांचं खाणं टाकत होते. टेस्ट किटची छोटी नळी, ड्रॉपर, आणि रंग जुळवायला कार्ड. घरी आल्यावरही लॅबच. पहिल्या आठवड्यात अमोनियाची नळी पिवळीची हिरवी झाली. तिसऱ्या आठवड्यात हिरवा उतरला आणि नायट्राइटची नळी आकाशी असायची ती जांभळी झाली. नवरा रोज विचारायचा, “आज कुणाचा रिपोर्ट?” पाचव्या आठवड्यात दोन्ही नळ्या मूळ रंगावर आल्या. खाणं टाकून दुसऱ्या दिवशी पाहिलं, तरी त्याच रंगावर. तेव्हा कोळंब्या आणल्या.

आणल्या त्या पिशवीसकट अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवलं. मग वाडग्यात काढल्या आणि हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं. सेकंदाला एक-दोन थेंब, दोन तास. सलाईनच लावलं म्हणा ना.

फिल्टर स्पंजचाच हवा. मोटरचा फिल्टर पिल्लांना ओढून घेतो. स्पंज फिल्टर हवेच्या पंपावर चालतो, आणि पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगायचा. खाली ठेवला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. डोंबिवलीत वीज जाते, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. वर बारीक जाळी, कारण उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डासांच्या अळ्या तपासायला येणाऱ्या बाईंना मी काय तोंड दाखवणार?

एप्रिलमध्ये पाणी तीस अंशांच्या वर गेलं. या कोळंब्यांना बावीस ते सव्वीस बरं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्या काठावर येऊन बसतात. मी पाण्यावर वारा बसेल असा छोटा पंखा लावला. माठ पाणी गार करतो तीच युक्ती: पाण्याची वाफ होते, वाफ उष्णता घेऊन जाते. दोन-तीन अंशांचा फरक पडला. पण वाफ होते म्हणजे पातळीही झपाट्याने उतरते. क्षार वाफेबरोबर जात नाहीत, म्हणून ही तूट आरओच्या पाण्याने भरायची. हे मला माहीत होतं. मामीला सांगायचं राहिलं.

मी कामावर गेलेली. मामीने पाहिलं, सुंगटांचं पाणी दोन बोटं उतरलंय. बिचारी उठली आणि स्वतःच्या उशाशी असलेल्या तांब्याच्या तांब्यातलं, रात्रभराचं, तिच्या मते घरातलं सगळ्यात चांगलं पाणी तिने टाकीत ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. तिसऱ्या सकाळी चार कोळंब्या तळाशी आडव्या होत्या.

मेलेली कोळंबी ओळखू येते. ती अपारदर्शक गुलाबी होते, थेट शिजवल्यासारखी. माझ्या घरात तो रंग ताटातच पाहिलेला, टाकीत पाहवला नाही.

आता यातली गंमत म्हणा, क्रूरपणा म्हणा. आपलं रक्त लाल, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. कोळंबीच्या रक्तात हिमोसायनिन असतं आणि त्यात लोहाच्या जागी तांबं. प्राणवायू मिळाला की ते रक्त निळसर होतं. जिच्या रक्तातच तांबं, तिला पाण्यात विरघळलेलं तांबं मात्र अगदी किंचितही सोसत नाही. शेवाळ मारायच्या आणि माशांच्या रोगांवरच्या काही औषधांत तांबं असतं, काही झाडांच्या खतांतही; बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय टाकीत काही घालू नये. सव्वीस वर्षं हिमोग्लोबिनचे आकडे लिहिणाऱ्या बाईच्या लक्षात घरातला तांब्या आला नव्हता. त्या पाण्याची तपासणी मी केली नाही, करायचं किटही नव्हतं, पण माझा संशय दुसरीकडे जात नाही. मी निम्मं पाणी बदलायला घेतलं, तेही थेंबाथेंबानेच, कारण एकदम बदललं तर त्या धक्क्याने उरलेल्या गेल्या असत्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेटचे दोन कण. फोटोवाले याला हायपो म्हणत.

मामीला मी चिडून बोलले नाही. ती स्वतःच दोन दिवस टाकीकडे फिरकली नाही.

उरलेल्या सहा तगल्या. मेमध्ये एका सकाळी तळाशी एक आख्खी कोळंबी पडलेली दिसली, आणि पोटात गोळा आला. मग दिसलं, ती पोकळ आहे. काचेसारखी, मिशांसकट. ती कात होती. कोळंबी वाढते तशी अंगावरचं कवच पाठीवर फोडून एका झटक्यात बाहेर येते आणि नवं कवच घट्ट होईपर्यंत मॉसमध्ये दडून बसते. कात काढून टाकायची नाही, त्या ती खातात. त्यातलं कॅल्शियम त्यांनाच परत लागतं. पाण्यात क्षार फार कमी असले तर कात अर्धवट फाटते आणि कोळंबी त्यातच अडकून मरते. पावसाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, माझ्या मीटरवर 85 दाखवत होता, मला किमान दीडशे हवा होता. पुण्यात बहिणीकडे बोअरचं पाणी, तिथे सातशे! तिला मी आरओचं पाणी मिसळायला सांगितलं, मला उलटं करायचं होतं.

दिवाळीनंतर मामी परत आली. सोड्यांच्या पुडीबरोबर आणखी एक पुडी होती, त्यात किनाऱ्यावर वेचलेला समुद्रफेस. माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं हाड. पक्षी पाळणारे पिंजऱ्यात लावतात, हे मी तिला फोनवर कधीतरी सांगितलं होतं. चार दिवस पाणी बदलत भिजवून त्याचं मीठ काढलं आणि बोटभर तुकडा टाकीत सोडला. बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. बाकी खाणं फार नाही लागत. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या पालकाचं एक पान, दोन तासांत उरलेलं बाहेर. आणि सोसायटीच्या देशी बदामाचं गळलेलं, लाल होऊन वाळलेलं पान. दहा मिनिटं उकळून टाकायचं. पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि कोळंब्या पंधरा दिवसांत त्या पानाची जाळी करतात.

मामी टाकीसमोर स्टूल घेऊन बसायची. माझ्याआधी तिलाच दिसलं.

“ही गरवार आसा गो.”

मादीच्या मानेमागे पिवळसर खोगीर दिसत होतं ते मी पाहिलं होतं; ती तयार होत असलेली अंडी. आता ती पोटाखाली आली होती, वीस-पंचवीस, मोहरीहून बारीक, आणि ती बाई पोटाखालच्या पायांनी त्यांना सारखा वारा घालत होती. प्राणवायू मिळावा, बुरशी धरू नये म्हणून. मामीला खाडीतली गोष्ट माहीत होती. नदीतली मोठी कोळंबी पिल्लांसाठी खाडीकडे उतरते, कारण तिच्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं. अमानो कोळंबीचंही तेच, म्हणून तिची पिल्लं घरच्या टाकीत वाढत नाहीत. चेरीला तो प्रवास नाही. अंड्यातून थेट दोन मिलिमीटरची पूर्ण कोळंबी बाहेर येते, आईची बारीक प्रत. म्हणून ती एका फुटाच्या तळ्यात संसार करू शकते. आणि म्हणूनच जास्त झालेल्या पिल्लांना नदीत, तळ्यात सोडायचं नाही. हवाईत आणि पोलंडमध्ये सोडलेल्या कोळंब्यांनी बस्तान बसवलं आहे. ओळखीत वाटाव्यात.

मामी गावी गेली. निघायच्या दिवशी पाण्याची तूट भरायला उठली, अर्ध्यात थांबली आणि तांब्या वर धरून विचारलं, “ह्यातला नको मां?”

सव्विसाव्या दिवशी मॉसमध्ये काहीतरी हललं. जवळ्याहून बारीक, पाण्याच्या रंगाचं. भिंग घेऊन तासभर बसले आणि मामीला फोन लावला.

“किती?”

“अकरा मोजली.”

“वीस धर. बाकीची पाल्यात आसतली.”