कुजबुज, गडगडाट आणि डिझेल

धान कापून झाले की चंद्रपूर-गडचिरोलीकडे मंडई, शंकरपट आणि नाटकांचे दिवस येतात. वडसा हे नाटक मंडळ्यांचे ठाणे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच झाडीपट्टी रंगभूमीसाठी. नाटक पहाटेपर्यंत चालते. वीज गेली की जनरेटर, म्हणजे डिझेल. जन्म बँकेत गेल्यामुळे मंडपातही माझा हिशेब सुटत नाही.

समजा, ॲम्प्लिफायरला पुरवठा ५० व्होल्टचा आहे. नायिका हळू बोलते. ८ ओहमच्या स्पीकरला त्या क्षणी १० व्होल्टच पुरतात. स्पीकरला मिळाले साडेबारा वॅट आणि ट्रान्झिस्टर तापवण्यात गेले ५०! कपभर चहासाठी हंडाभर पाणी उकळावे, तसे हे.

हिताचीने १९७७ मध्ये ‘क्लास जी’ ॲम्प्लिफायर आणला. त्यात पुरवठ्याच्या दोन पातळ्या असतात. हळू आवाजाला कमी व्होल्ट, मोठ्याला जास्त. वरच्याच क्षणी पुरवठा २० व्होल्टचा असता तर उष्णतेत साडेबाराच वॅट गेले असते. बँकेतही दिवसापुरतीच रोकड काउंटरवर ठेवतात, बाकीची तिजोरीत.

अर्थात रात्रभर नुसता ठणठणाट असेल तर बचत फारशी नाही. पण नाटकात कुजबुज असते, स्तब्धता असते. खरी परीक्षा पुढेच. कुजबुजीवर एकाएकी खलनायक गडगडाटी हसतो. त्याआधी वरचा पुरवठा जोडला गेला नाही तर आवाज फाटतो, आणि मागच्या रांगेतली मंडळी काही डिझेल मोजायला आलेली नसतात.