विश्लेषण : रोहित, विराट, अश्विनच्या निवृत्तीनंतर भारताचा कसोटी संघ उतरणीला लागला आहे का?

गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेने भारताला तब्बल ४०८ धावांनी हरवले. धावांच्या फरकाने भारताचा हा कसोटीतील सर्वांत मोठा पराभव. त्याआधी कोलकात्यात विजयासाठी अवघ्या १२४ धावा हव्या असताना भारताचा डाव ९३ धावांत आटोपला होता. सन २००० नंतर प्रथमच दक्षिण आफ्रिकेने भारतात कसोटी मालिका जिंकली. या पराभवानंतर समाजमाध्यमांवर एकच सूर होता : रोहित आणि विराट असते, तर असे झाले नसते. हा सूर कितपत खरा आहे?

घसरण नेमकी कधी सुरू झाली?

रविचंद्रन अश्विनने डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीनंतर निवृत्ती जाहीर केली. रोहित शर्मा आणि विराट कोहली मे २०२५ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने कसोटीतून बाहेर पडले. मात्र भारताची मायदेशातील मक्तेदारी त्याआधीच मोडली होती. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने भारताला ३-० असे हरवले, तेव्हा हे तिघेही संघात होते. तीन कसोटींतील सहा डावांत रोहितच्या ९१ आणि विराटच्या ९३ धावा झाल्या. अश्विनला नऊ बळी मिळाले, तेही ४१ हून अधिक धावांच्या सरासरीने.

हा पराभव किती मोठा होता, हे आधीच्या आकड्यांवरून कळते. २०१३ ते २०२४ या काळात भारताने मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या आणि त्यात फक्त चार सामने गमावले : पुणे (२०१७), चेन्नई (२०२१), इंदूर (२०२३) आणि हैदराबाद (२०२४). त्यानंतर न्यूझीलंड, वेस्ट इंडिज आणि दक्षिण आफ्रिका या तीन मालिकांत मिळून मायदेशात सात सामने झाले. त्यांपैकी पाच भारताने गमावले. बारा वर्षांत चार आणि जेमतेम सव्वा वर्षात पाच!

फलंदाजीत पोकळी निर्माण झाली का?

झाली, पण चर्चा होते त्या जागी नाही. विराटच्या चौथ्या क्रमांकावर शुभमन गिल आला आणि इंग्लंडमधील पाच कसोटींत त्याने ७५४ धावा केल्या. कर्णधार म्हणून पहिल्याच मालिकेत त्याने संघाला २-२ अशी बरोबरी साधून दिली. सलामीला यशस्वी जयस्वाल आणि के. एल. राहुल आहेत. शिवाय २०२० नंतर विराटची कसोटी सरासरी तिशीच्या आसपासच रेंगाळत होती, हेही विसरता येत नाही.

खरी रिकामी जागा तिसऱ्या क्रमांकाची आहे. १०३ कसोटींत ७१९५ धावा करणारा चेतेश्वर पुजारा जून २०२३ मधील जागतिक कसोटी अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यानंतर संघात परतलाच नाही. त्याच्या जागी आधी गिलला खेळवले गेले. जून ते नोव्हेंबर २०२५ या सहा महिन्यांत या क्रमांकावर साई सुदर्शन, करुण नायर, पुन्हा सुदर्शन, मग वॉशिंग्टन सुंदर आणि गुवाहाटीत पुन्हा सुदर्शन असा फेरा झाला. पुजाराला निरोपाचा सामना मिळाला नाही, त्यामुळे त्याच्या जाण्याची चर्चाही झाली नाही. खेळपट्टीवर चार तास ठाण मांडणारा फलंदाज मात्र तेव्हापासून सापडलेला नाही.

मायदेशात फिरकीच का नडते?

पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानाने याचे उत्तर दोनदा दिले आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फिरकीपटू स्टीव्ह ओकीफने येथे १२ बळी घेतले आणि भारताचे डाव १०५ व १०७ धावांत संपले. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी मिळवले. दोघांपैकी कोणाचीही गणना जगातील अव्वल कसोटी फिरकीपटूंत होत नव्हती. पुढच्याच आठवड्यात वानखेडेवर एजाझ पटेलने ११ गडी बाद केले आणि १४७ धावांचा पाठलाग करताना भारत १२१ धावांत गारद झाला. दक्षिण आफ्रिकेच्या सायमन हार्मरने तर दोन कसोटींत १७ बळी टिपले.

पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळू लागला की थोर आणि साधारण फिरकीपटू यांच्यातील अंतर मिटते. पाहुण्या गोलंदाजाला फक्त टप्पा धरून ठेवायचा असतो, उरलेले काम खेळपट्टी करते. अश्विन आणि रवींद्र जडेजा यांचे मोठेपण असे, की त्यांना अशा आखाड्याची गरज नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडी साथ मिळाली तरी ते सामना फिरवत. तरीही संघ व्यवस्थापन टोकाच्या खेळपट्ट्यांकडे वळले आणि आपलाच फायदा घालवून बसले.

दुसरे कारण सरावाचे. जानेवारी २०२५ मध्ये क्रिकेट मंडळाच्या आग्रहानंतर विराट दिल्लीकडून रणजी सामना खेळला, तो २०१२ नंतर प्रथमच. वांद्रे-कुर्ला संकुलात जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून उतरलेल्या रोहितचा त्याआधीचा रणजी सामना २०१५ मधला होता. वळणाऱ्या चेंडूवर पाय कसे हलवायचे, हे नेटमध्ये पूर्णपणे येत नाही.

अश्विनची जागा भरणे अधिक कठीण का?

अश्विनच्या ५३७ कसोटी बळींपैकी ३८३ मायदेशातील आहेत. तो गेला, तेव्हा त्याच्या जागी मुंबईच्या तनुष कोटियनला ऑस्ट्रेलियात बोलावण्यात आले. २०२३-२४ च्या रणजी मोसमात २९ बळी आणि ५०२ धावा करून तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. त्याला अद्याप कसोटी पदार्पणाची संधी मिळालेली नाही. सुंदर फलंदाजीच्या जोरावर संघात टिकून आहे, तर कुलदीप यादवला सलग सामने मिळत नाहीत. कोलकात्यात चार फिरकीपटू खेळवूनही भारत हरला. संख्येने अश्विन भरून निघत नाही, एवढे तरी त्यातून दिसले.

इतर बलाढ्य संघांचे काय झाले?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण सर्वांत परिचित. शेन वॉर्न, ग्लेन मॅकग्रा आणि जस्टिन लँगर जानेवारी २००७ मध्ये सिडनीत एकाच वेळी निवृत्त झाले. पाठोपाठ अॅडम गिलख्रिस्ट आणि मॅथ्यू हेडन गेले. २००८-०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेने त्यांना त्यांच्याच घरी हरवले आणि २००९, २०१०-११, २०१३ अशा सलग तीन अॅशेस मालिका इंग्लंडने जिंकल्या.

वेस्ट इंडिजचे वेगळे झाले. १९८० ते १९९५ या काळात त्यांनी एकही कसोटी मालिका गमावली नव्हती. व्हिव्हियन रिचर्ड्स, माल्कम मार्शल आणि जेफ दुजाँ १९९१ मध्ये इंग्लंड दौऱ्यानंतर गेले, तरी संघ लगेच कोसळला नाही. कर्टली अँब्रोज आणि कोर्टनी वॉल्श यांनी आणखी काही वर्षे पडझड झाकून ठेवली. ते दोघे २००० व २००१ मध्ये गेल्यावर मागे कोणी उरले नसल्याचे उघड झाले.

भारताचाच अनुभव पाहा. २०११ मध्ये इंग्लंडमध्ये ०-४ आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियात ०-४ अशी धूळधाण झाली, तेव्हा सचिन तेंडुलकर, राहुल द्रविड आणि व्हीव्हीएस लक्ष्मण संघात होते. त्यांच्या निवृत्त्या मार्च २०१२ ते नोव्हेंबर २०१३ दरम्यान टप्प्याटप्प्याने झाल्या आणि तोवर पुजारा, कोहली, रहाणे हाताशी आले होते.

टी-२० संघाला झळ का बसली नाही?

रोहित, विराट आणि जडेजा हे तिघेही जून २०२४ मध्ये विश्वचषक जिंकून टी-२० तून बाहेर पडले. तरीही सूर्यकुमार यादवच्या नेतृत्वाखाली भारताने सप्टेंबर २०२५ मध्ये आशिया चषक जिंकला. आयपीएलमध्ये दरवर्षी फटकेबाज आणि शेवटच्या षटकांतील गोलंदाज घडतात, दडपणाखाली तपासले जातात. पाच दिवसांच्या क्रिकेटसाठी हे काम रणजी करंडकाने करायचे, पण तिथल्या कामगिरीला निवडीत किती वजन आहे, हा प्रश्न कोटियनसारख्यांना पडत असेल.

पुढची कसोटी कधी?

जडेजा ३७ वर्षांचा आहे. गुवाहाटीत दुसऱ्या डावात १४० धावांवर संघ बाद झाला, त्यातल्या ५४ त्याच्या होत्या. तीनशेहून अधिक बळी आणि चार हजार धावा करणारा हा अष्टपैलू गेला, की सलग १८ मालिका जिंकून देणाऱ्या जोडीतले कोणीच उरणार नाही. २०२७ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोटींसाठी भारतात येणार आहे. तोवर जडेजाचे वय ३८ असेल आणि तिसऱ्या क्रमांकावर कोण खेळणार, हेही ठरवावे लागेल.