स्वमग्न मुलासाठी घरी येणारा थेरपिस्ट मिळेना, तर?

अकोले किंवा जामखेडहून थेरपीसाठी दर आठवड्याला नगर गाठायचे म्हणजे मजुरी बुडते. म्हणून निम्मे काम घरातच व्हायला हवे. मिक्सर सुरू होताच मूल कान झाकून किंचाळते? त्याला हट्ट म्हणू नका. आधी काय घडले, नंतर तुम्ही काय केले, हे वहीत लिहा आणि थेरपिस्टला दाखवा.

अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) काढाच. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दिव्यांगत्व तीव्र असल्यास गृहाधारित शिक्षणासाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या.