डावणीची बातमी

ऑक्टोबरची छाटणी उरकावी, काड्यांना कोवळी फूट यावी आणि नेमका त्याच सुमारास दोन-तीन दिवस अवकाळी पाऊस लागून राहावा, म्हणजे तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षबागायतदाराची झोप उडते. कारण पानावर तेलकट पिवळसर डाग आणि पानाच्या पाठीवर पांढुरकी बुरशी दिसली की ती डावणी, आणि डावणी घडात शिरली की वर्षाचे उत्पन्न गेले, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. असा एखादा बागायतदार रात्री जेवण आटोपल्यावर मोबाइलवर डावणीचे औषध शोधतो, दोन-तीन संकेतस्थळे चाळतो, फवारणीचे प्रमाण वाचतो आणि कोणाशी एक अक्षरही न बोलता झोपी जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो क्रिकेटचा धावफलक पाहावयास जातो, तो धावफलकाच्या शेजारी बुरशीनाशकाची जाहिरात उभी! बागेत डावणी आल्याची वार्ता अद्याप शेजारच्या बांधावर गेलेली नाही, ज्याच्याकडे औषधांची उधारी चालते त्या दुकानदारासही तिचा पत्ता नाही. मग क्रिकेटवाल्यांस ती कोणी कळविली?

‘मोबाइल आपले बोलणे ऐकतो’ असे यावर गावोगाव सांगितले जाते. पण येथे तर कोणी काही बोललेच नव्हते, आणि खरे म्हणजे ऐकण्याची गरजही नव्हती. ज्या योजनेने ही बातमी पोहोचते ती उघड आहे, तीस वर्षांहून जुनी आहे आणि तिचा आरंभ अगदी निरुपद्रवी हेतूने झालेला आहे.

वेबची मूळ घडणच विस्मरणशील आहे. आपला ब्राउझर एखाद्या संकेतस्थळाकडे पान मागतो, तिकडचा संगणक ते पाठवितो आणि व्यवहार तेथेच संपतो. पुढच्या क्षणी त्याच ब्राउझरने दुसरे पान मागितले तरी हा मघाचाच इसम की कोणी नवखा, हे त्या संगणकास कळावयास मार्ग नसतो. नुसते वाचावयाचे असेल तर याने काही अडत नाही. परंतु साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची दोन खोकी निवडून पैसे भरण्याच्या पानावर जावे आणि तेवढ्यात दुकानाने दोन्ही खोकी विसरून जावीत, असे होऊ लागले तर व्यापार कसा चालावा? १९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीपुढे हीच अडचण उभी राहिली. तिच्याकडून ऑनलाइन विक्रीची व्यवस्था करवून घेणाऱ्या एमसीआय या दूरध्वनी कंपनीला ग्राहकांचे अर्धवट व्यवहार स्वतःच्या संगणकावर सांभाळावयाचे नव्हते. तेव्हा नेटस्केपमधील लू माँटुली या तरुण अभियंत्याने तोड काढली ती अशी, की आठवण ठेवण्याचे ओझे ग्राहकाच्याच ब्राउझरवर टाकावे. संकेतस्थळाने पहिल्या भेटीत एक चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपावी आणि त्या संकेतस्थळाकडे पुन्हा जाताना दर वेळी न विसरता सादर करावी. या चिठ्ठीचे नाव कुकी.

विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयापासून मिरज हे वैद्यकाचे माहेरघर झालेले असल्याने या भागातील वाचकास केसपेपर समजावून सांगण्याचे कारण नाही. कुकी हा तसाच केसपेपर होय: रुग्णाच्या हातातील कागदावर बहुधा क्रमांकच काय तो असतो, आणि सविस्तर हकिकत दवाखान्याच्या कपाटातील फायलीत असते. क्रमांक दाखविला की फाईल निघते, आणि डॉक्टर मागील पानावरून पुढे लिहू लागतात.

ही चिठ्ठी प्रत्यक्षात दिसते कशी, हे कोणासही पाहता येते. संगणकावरील ब्राउझरच्या विकासकांसाठीच्या कप्प्यात कुकींची यादी असते, आणि पुष्कळ संकेतस्थळांच्या यादीत ‘_जीए’ या नावाची एक ओळ आढळते. गूगलच्या वाचकगणनेच्या सेवेची ही खूण. तिच्यासमोरचा मजकूर साधारणतः ‘जीए१.१.८४५२१०३३६.१७२६३००८००’ अशा धाटणीचा असतो. पहिला भाग ठरावीक, मधला आकडा यदृच्छेने काढलेला, आणि शेवटचा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून त्या ब्राउझरच्या पहिल्या भेटीपर्यंत लोटलेले सेकंद. येथे नमुन्यादाखल दिलेल्या आकड्याचा हिशेब केला तर तो १४ सप्टेंबर २०२४, दुपारी दीडची वेळ दाखवितो. नाव नाही, गाव नाही, फोन नाही. केवळ अमुक क्षणी प्रथम आलेला अमुक क्रमांकाचा वाचक. शिवाय प्रत्येक कुकीला मालकाचे नाव आणि मुदत जोडलेली असते. काहींची मुदत ब्राउझर बंद होताच संपते. ‘_जीए’ची मूळ मुदत दोन वर्षांची, परंतु क्रोमने २०२२ पासून कोणत्याही कुकीस ४०० दिवसांहून अधिक आयुष्य देण्याचे नाकारले आहे.

माँटुलीने त्या वेळी आणखी एक मसलत सुज्ञपणे फेटाळली होती, आणि ती येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकावा, असा सोपा मार्ग समोर होता. पण तसे केल्यास तो क्रमांक सर्व संकेतस्थळांना सारखाच दिसेल आणि त्यांनी आपापल्या वह्या ताडून पाहिल्या की माणसाचा सारा प्रवास उघडा पडेल, हे त्याने ओळखले. म्हणून नियम असा केला, की ज्याने कुकी दिली त्यालाच ती परत दिसावी. हेतू गोपनीयतेचा होता. तो नियम मोडावा लागला नाही. जाहिरातवाल्यांनी तो तंतोतंत पाळूनच निष्फळ केला.

कसे ते पाहा. वर्तमानपत्राचे पान जसे एकाच छापखान्यातून येते तसे वेबवरील पान येत नसते. मजकूर एकीकडून, छायाचित्रे दुसरीकडून, व्हिडिओ तिसरीकडून आणि जाहिराती चौथ्याच कंपनीच्या संगणकावरून येऊन ते आपल्या डोळ्यांसमोर जुळते. ज्या ज्या संगणकाकडून तुकडा मागविला जातो, त्या प्रत्येकास स्वतःची कुकी देण्याची आणि पुढे ती परत पाहण्याची मुभा मिळते. मग एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा शेतीच्या पानावर असेल, क्रिकेटच्या पानावर असेल आणि कास पठारावरील फुलांचे वर्णन करणाऱ्या पर्यटनाच्या पानावरही असेल, तर तिला आपलीच कुकी तिन्ही ठिकाणी दिसते. मिरजेतील प्रत्येक दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच अनोळखी गृहस्थ वही घेऊन बसावा आणि येणाऱ्याने नेत्रवैद्याकडे काय दाखविले, हाडवैद्याकडे काय दाखविले हे एकाच क्रमांकाखाली टिपीत जावे, तसे हे झाले. हा तुकडा नजरेस पडलाच पाहिजे असेही नाही. एक बिंदू लांब, एक बिंदू रुंद असे संपूर्ण पारदर्शक चित्र पानात दडविले तरी काम भागते. असे जाळे सर्वप्रथम विणणाऱ्यांत डबलक्लिक ही कंपनी प्रमुख होती, आणि २००७ साली गूगलने ती ३.१ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले, यावरून त्या वहीची किंमत ध्यानी यावी.

वहीचा उपयोग व्हावयाचा तो लिलावात. बागायतदार धावफलकाचे पान उघडतो आणि पान पुरते दिसण्यापूर्वीच, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, त्या रिकाम्या चौकटीसाठी अनेक कंपन्यांकडून संगणकीय बोली मागविली जाते. बोली लावणाऱ्यास अमुक क्रमांकाचा वाचक, अंदाजे अमुक जिल्ह्यातला, असा तपशील पुरविला जातो. तो क्रमांक ज्याच्या वहीत काल रात्रीच्या डावणीसह नोंदलेला असतो तो बुरशीनाशकवाला सर्वांत चढी बोली देतो. बागायतदाराच्या नावाशी यात कोणाला कर्तव्य नसते. पण एखाद्या पानावर त्याने मोबाइल क्रमांक वा ई-मेल भरला, की तो निनावी क्रमांक माणसाला चिकटविता येतो. मग बागेत रोग आहे, हंगामात पैशाची निकड पडणार आहे, ही माहिती औषधविक्रेत्याला जशी मोलाची तशी सावकाराला आणि माल घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही मोलाची. खरा धोका मला येथे वाटतो. जाहिरात दिसली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. सौद्याला बसण्यापूर्वीच समोरच्याला आपली अडचण ठाऊक असणे, हे बिघडविणारे आहे.

बातम्या गोळा करणे ही गोष्ट कृष्णाकाठास नवी नाही. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आजही घाटासह उभा आहे. साताऱ्यात १७४२ साली जन्मलेल्या या मुत्सद्द्याची बातमीदारी इतकी चोख, की दरबारोदरबारीच्या हालचाली त्यांस घरबसल्या कळत. आणि मेणवलीच्या दप्तरातील जे कागद द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जमविलेल्या संग्रहात आले, ते पुढे त्या संग्रहाबरोबर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अभ्यासकांस उपलब्ध झाले. परंतु नानांच्या बातमीदारालाही पगार द्यावा लागे, त्याला जासुदाची जोड लागे, लिहिलेले वाचावयास कारकून लागत. साहजिकच पाळत ठेवावयाची ती सरदारांवर, वकिलांवर, परराज्याच्या लष्करावर. डोंगरकुशीतला कुणबी कोणते बी पेरतो याची बातमी राखणे कोणत्याही फडणिसाला परवडले नसते. कुकीने जे घडविले ते हे, की पाळतीचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आणि त्यामुळे ज्याच्यावर पाळत ठेवण्याजोगे काहीच नव्हते असा सामान्य माणूसही बातमीदाराच्या लायक ठरला.

कुकी पुसल्या म्हणजे सुटलो, असेही नाही. पान मागताना ब्राउझर आपला आयपी पत्ता, स्वतःची जात व आवृत्ती, पसंतीची भाषा आणि पुष्कळदा आपण कोणत्या पानावरून आलो हेही विनासायास सांगून टाकतो. शिवाय पडद्याचे माप, फाँट, कालविभाग यांची चौकशी पानातल्या छोट्या प्रोग्रॅमला करता येते. यातली एकेक गोष्ट किरकोळ, पण सर्वांचा मेळ हाताच्या ठशाइतका वेगळा पडू शकतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये आपल्या चाचणीसाठी आलेले ब्राउझर तपासले तेव्हा त्यांतील ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. यात आपल्यापुरता एक चमत्कारिक भाग असा, की जो ब्राउझर मराठी ही पहिल्या पसंतीची भाषा म्हणून सांगतो, तो इंग्रजीच्या गर्दीत उलट अधिकच उठून दिसतो. अॅपच्या बाबतीत तर कुकीचीही आवश्यकता नाही; अँड्रॉइड फोनलाच जाहिरातींसाठी एक क्रमांक दिलेला असतो, आणि माँटुलीने टाळलेली गोष्ट तेथे राजरोस नांदते.

ब्राउझर करणाऱ्यांनी यावर काही केले नाही असे नव्हे. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून परक्यांच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने पाळत ठेवणाऱ्यांची यादी करून त्यांना अडविले. गूगलनेही जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत तेच करण्याचे जाहीर केले, मग मुदत वाढविली, पुन्हा वाढविली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. जिचे उत्पन्न मुख्यत्वे जाहिरातींवर चालते त्या कंपनीचा हा बेत किती दिवस टिकणार, याबद्दल पैज कोणी लावली नसती.

राहता राहिला कायदा. ‘आम्ही कुकी वापरतो’ अशी जी पट्टी आता प्रत्येक पानाच्या पायथ्याशी वर येते, तिचे मूळ युरोपच्या नियमांत, विशेषतः मे २०१८ पासून अमलात आलेल्या माहिती-संरक्षण कायद्यात आहे. त्या पट्टीवर होकाराचे बटण ठसठशीत आणि नकार तीन पानांच्या आड, ही क्लृप्ती लवकरच रूढ झाली. तेव्हा फ्रान्सच्या नियामकाने २०२२ च्या आरंभी नेमक्या याच कारणासाठी गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले, आणि न्या. श्रीकृष्ण समितीचा अहवाल, एक मागे घेतलेले विधेयक अशी वळणे घेत ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. कुकी हा शब्द त्या कायद्यात नाही; पण व्यक्तीची ओळख पटू शकेल अशी माहिती त्याच्या कक्षेत येते. संमती स्पष्ट कृतीने दिलेली हवी, ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे हवे, आणि अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखविण्यास मनाई, अशी त्याची कलमे आहेत. सुरक्षेत कुचराई केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. शासनाला त्यातून सूट देण्याची तरतूदही सढळ आहे, आणि ती टीकेस पात्र ठरली ते योग्यच झाले.

मला त्यातील सर्वांत मोलाचे वाटते ते एक छोटे कलम: संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे. जो मजकूर आपण वाचू शकत नाही त्याखाली अंगठा उठविणे आणि न कळणाऱ्या इंग्रजी पट्टीवर ‘ॲक्सेप्ट’ दाबणे यांत फरक कोणता? या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत असल्याने ती मे २०२७ च्या सुमारास लागू व्हावयाची आहेत.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे मोबाइल व टीव्ही बंद ठेवले जातात. मुलांच्या अभ्यासासाठी हा उपक्रम उत्तम. पण कुकी त्या दीड तासात झोपत नाही, तिची मुदत चालूच राहते, आणि भोंग्यानंतर फोन हाती येताच ती पुन्हा हजेरी लावते. तिच्यासाठी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या सदराखाली जाऊन तृतीय पक्षाच्या कुकी अडवाव्या लागतात, अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातीचा क्रमांक हटवावा लागतो, आणि पट्टीवरचे नकाराचे बटण, दोन पाने आत असले तरी, शोधून दाबावे लागते. साठलेल्या कुकी सगळ्याच पुसल्या तर सातबाऱ्याच्या संकेतस्थळापासून पेढ्यांच्या दुकानापर्यंत जेथे जेथे आपण आत शिरलेलो होतो, ती सर्व ठिकाणे आपल्याला विसरतील आणि पुन्हा मोबाइल क्रमांक टाकून ओटीपी मागतील.