ट्रॅक्टर खडखडतोय, पण कुठून?

जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन आवाज करू लागलं की मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवतो आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतो. डॉक्टरच्या नळीचंच काम. आवाज वरून, झाकणाखालून येतो की खालून, ऑइलच्या चेंबरजवळून, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

वरची बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची. क्रँकच्या दोन फेऱ्यांत व्हॉल्व्ह एकदाच उघडतो, म्हणून ७०० फेऱ्यांच्या स्लो रेसला एक टॅपेट मिनिटाला ३५० वेळा वाजतो. फिलर गेजने गॅप बसवला की बहुतेकदा भागतं.

खालून जड ठकठक येत असेल, नांगर लावल्यावर ती वाढत असेल आणि ऑइलचा काटाही खाली असेल, तर संशय कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर.

फसवतो तो इंजेक्टरचा नोझल. त्याचाही ठोका बेअरिंगसारखाच. जुन्या इंधन-पंपाच्या इंजिनात स्लो रेसवर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित सैल करतात. ठोका थांबला की सिलिंडर सापडला. मग इंजिन बंद करून तो नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. आवाज त्याच्याबरोबर सरकला तर दोष नोझलचा. जागीच राहिला तर इंजिन उघडायची तयारी ठेवा. दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं, त्यामुळे हे काम जाणत्यानेच करावं.

आणि खालची ठकठक ऐकू आली, तर ‘एवढं एक वावर उरकू’ म्हणू नका. इंजिन तिथेच बंद करा.