मेलेल्या झाडातली अळी मारेकरी नव्हे

केळवे-माहीमपासून चिंचणी-तारापूरपर्यंतच्या किनारपट्टीत नारळाचे एखादे जुने झाड वठले, तोडून वाडीच्या कोपऱ्यात लोटले गेले आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याचे खोड फोडताच आतून अंगठ्याएवढ्या जाड, पांढुरक्या, अर्धचंद्राकृती अळ्या निघाल्या, की पाहणारा प्रत्येक जण ‘हिनेच झाड खाल्ले’ हा निवाडा देऊन मोकळा होतो. हा निवाडा इतक्या वेळा कानी आला आहे, आणि त्यापायी कुजक्या ओंडक्यावर ओतली जाणारी महागडी औषधे इतकी पाहिली आहेत, की आता त्याची रीतसर तपासणी करणे प्राप्त आहे.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ही अळी गेंड्या भुंग्याची. त्याची मादी अंडी घालते ती मृत, कुजत्या खोडात किंवा शेणखताच्या खड्ड्यात. अंडे 8 ते 12 दिवसांत फुटते आणि अळी काही महिने केवळ कुजलेल्या द्रव्यावर पोसली जाऊन कोषात जाते. जिवंत झाडाला ती तोंडही लावत नाही. झाड आधी मेले, अळी मागाहून आली. मग खुनाचा आरोप तिच्यावर कसा?

मात्र तिचे वयात आलेले रूप निरपराध नाही. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने वर्णिल्याप्रमाणे प्रौढ भुंगा रात्री शेंड्यात शिरून न उमललेला कोंब पोखरतो, म्हणून पुढे उमललेल्या झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी छेद दिसतात. त्याच जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि त्याची अळी मात्र जिवंत खोड आतून पोखरून झाडाचा खरोखर जीव घेते. दोघींतला भेद हातात घेऊन पाहावा : गेंड्याच्या अळीला छातीशी पायांच्या तीन जोड्या असतात, सोंड्याच्या अळीला पायच नसतात.

इतर समजुतींचा निकाल थोडक्यात लावता येतो. बोईसरच्या कारखान्यांच्या धुराने झावळ्या कातरल्या जातात : धुराने पान करपेल, त्यावर त्रिकोण पडणार नाहीत. उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणीच : हुमणी जमिनीत जिवंत मुळे खाते, उताणी होऊन पाठीवर सरपटणारी अळी फुलांवर येणाऱ्या भुंग्यांपैकी असते. गेंड्याचे शिंग डसते : ते नरांच्या आपसांतील झुंजीचे हत्यार आहे, त्यात विष नाही.

हा भुंगा बंदोबस्ताविना किती फैलावतो, याचा दाखला सामोआ बेटांचा : 1909च्या सुमारास सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर तो तेथे पोहोचला आणि नारळाच्या बागांना मोठे संकट ठरला. तेव्हा औषधाचा खर्च ओंडक्यावर न करता ओंडकाच नाहीसा करावा. वठलेले खोड फोडून विल्हेवाट लावावी, शेणखत वेळोवेळी उपसून अळ्या वेचाव्यात, खड्ड्यात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी आणि शेंड्यात शिरलेला भुंगा लोखंडी आकडीने ओढून काढावा. जव्हार-मोखाड्याच्या रानात मात्र पडलेले लाकूड राहू द्यावे : तेथे अशाच अळ्या त्याची माती करतात, आणि त्या मातीतच पुढचे रान उगवते.